पहिली कादंबरी : वाट पाहावी, तीनशे प्रती विकत घ्याव्यात, की स्वतःच छापावी?

भीमाकाठ

सर्वांना नमस्कार. मी सोलापूर जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. गेली नऊ वर्षे मी एक कादंबरी लिहीत होते आणि मागच्या गुढीपाडव्याला ती पूर्ण झाली. उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या एका गावातील तीन पिढ्यांची ती कथा आहे. माझ्या आजीचे माहेर त्या पाण्यात गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते आणि ते पाहायला माणसांची गर्दी होते, पण आजी एकदाही तिकडे गेली नाही. कादंबरी तिच्या या न जाण्यापासून सुरू होते. शब्दसंख्या सुमारे ९२,००० आहे. निवेदन प्रमाण मराठीत असून संवाद करमाळा-इंदापूर भागातील बोलीत आहेत.

एका नामांकित प्रकाशनसंस्थेकडे मी टंकलिखित प्रत पाठवली होती. तिची पोच मिळाली, पण त्याला आता आठ महिने झाले. दोनदा विचारले तेव्हा ‘परीक्षकांकडे आहे’ एवढेच उत्तर आले. दुसऱ्या एका प्रकाशकाने मात्र पंधरा दिवसांत होकार कळवला. त्यांचा प्रस्ताव असा आहे की ५०० प्रतींची आवृत्ती काढायची, किंमत ४०० रुपये ठेवायची, त्यातील ३०० प्रती मी ४० टक्के सवलतीने विकत घ्यायच्या आणि उरलेल्या प्रतींच्या विक्रीवर मला १० टक्के रॉयल्टी मिळेल. कराराच्या मसुद्यात ‘सर्व प्रकारचे हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे राहतील’ असे वाक्य आहे. शिवाय संवादांची बोली ‘सर्वांना समजेल अशी’ करावी लागेल, असेही त्यांनी सांगितले आहे.

माझा भाचा म्हणतो की प्रतिलिपी या ऑनलाइन वाचनमंचावर एकेक प्रकरण टाकत जा, वाचक आपोआप मिळतील. शाळेतील एक सहकारी म्हणतात की सरळ स्वतः छापून मोकळी हो.

पैशाचा प्रश्न नाही असे मी म्हणणार नाही, पण थोडीफार रक्कम मी कर्ज न काढता उभी करू शकते. मला मनापासून हवे आहे ते इतकेच, की ज्यांची गावे गेली त्या माणसांच्या हाती हे पुस्तक पडावे आणि त्यांना ते आपल्याच तोंडचे वाटावे. या मार्गांपैकी कोणता धरावा?

फर्मा

ताई, मी पुण्यात तेवीस वर्षे मुद्रितशोधनाचे आणि ग्रंथनिर्मितीचे काम करतो आहे. तुमच्या हाती आलेल्या प्रस्तावाचा आधी हिशेब मांडू, कारण तो मांडल्याशिवाय बाकीचे बोलणे हवेतले ठरेल.

९२,००० शब्द म्हणजे डेमी आकारात साधारण ३२० पाने, अर्थात सोळा पानांचे वीस फर्मे. सत्तर जीएसएमचा नॅचरल शेड कागद आणि साधी पेपरबॅक बांधणी धरली, तर ५०० प्रतींच्या आवृत्तीत एका प्रतीला, समजा, १२० रुपये पडतील. कागदाच्या भावाप्रमाणे हा आकडा कमी-अधिक होईल. म्हणजे छपाईचा एकूण खर्च ६०,००० रुपये. तुम्ही ३०० प्रती प्रत्येकी २४० रुपयांनी घेतल्या तर तुमच्याकडून ७२,००० रुपये येतात. याचा अर्थ असा, की पुस्तक बाइंडरकडून बाहेर पडण्यापूर्वीच छपाईचे सगळे पैसे वसूल झालेले असतात आणि अक्षरजुळणी व मुखपृष्ठ यांच्या खर्चाचाही काही भाग निघालेला असतो. उरलेल्या २०० प्रती गोदामात पडून राहिल्या तरी प्रकाशकाचे फारसे काही जात नाही, आणि त्या सगळ्या विकल्या गेल्या तरी तुमच्या हाती रॉयल्टीचे ८,००० रुपये येतात. ज्याची रक्कम पुस्तकात अडकलेली नाही त्याला ते पुस्तक विकण्याची निकड राहत नाही. माझा आक्षेप मुख्यतः या निकडीच्या अभावाला आहे.

अशा प्रकारे काम करणारे सगळे लबाड असतात असे मला म्हणायचे नाही. अनोळखी लेखकाच्या कादंबरीच्या ५०० प्रती खपायला वर्षे लागतात, वितरक आणि विक्रेते मिळून किमतीच्या ४० ते ५० टक्के घेतात, आणि तेही पैसे उशिरा येतात. छोट्या प्रकाशकाची अडचण खरी आहे. पण खर्च लेखकाने करायचा, जोखीम लेखकाने घ्यायची आणि हक्क मात्र प्रकाशकाकडे कायमचे जायचे, ही मांडणी कोणत्याही बाजूने न्याय्य नाही. पैसे देऊनच पुस्तक काढायचे असेल तर ती निर्मितीची सेवा आहे असे दोघांनी मान्य करावे, तिचे दरपत्रक घ्यावे आणि हक्क तसेच छापलेल्या सर्व प्रती तुमच्याकडे राहाव्यात.

आता बोलीविषयी. हा मुद्दा मला पैशापेक्षा मोठा वाटतो. साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांतही पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहिण्याची मुभा आहे, त्यामुळे ‘शुद्धलेखनात बसत नाही’ हे कारण कुणी सांगितले तर ते मानू नका. मात्र बोली टिकवायची असेल तर तिच्यात सातत्य लागते. एकाच म्हातारीच्या तोंडी एका पानावर ‘न्हाई’ आणि पुढच्या पानावर ‘नाय’ आले, किंवा ‘व्हतं’ आणि ‘हुतं’ अशी सरमिसळ झाली, तर वाचकाला ती बोली ऐकू येत नाही, त्याला केवळ लेखिकेची घाई दिसते. दोन पिढ्यांत बोलणे बदलले असेल तर तो बदलही जाणीवपूर्वक दिसला पाहिजे. प्रत्येक मुख्य पात्रासाठी वारंवार येणाऱ्या पन्नास-साठ शब्दांची एक यादी करा आणि ती हस्तलिखितासोबत द्या. अशी यादी समोर असली की माझ्यासारखा मुद्रितशोधक बोलीला हात लावत नाही. ती नसली की प्रत्येक जण आपल्या कानाप्रमाणे दुरुस्ती करतो आणि तिसऱ्या प्रुफापर्यंत तुमची आजी पुण्याच्या पेठेत राहणाऱ्या बाईसारखी बोलू लागते.

आठ महिने हा काळ तुम्हाला मोठा वाटणे स्वाभाविक आहे, पण जी संस्था हस्तलिखित खरोखर वाचते तिच्याकडे एवढा वेळ लागतो. मौज प्रकाशनाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी लेखकांच्या हस्तलिखितांवर किती सोशिकपणे काम केले हे मराठी साहित्यव्यवहारात आजही आदराने सांगितले जाते. चांगल्या संस्थेकडून मिळवायची मुख्य गोष्ट तीच, कुणीतरी तुमच्या कादंबरीसमोर दीर्घकाळ बसणे. त्यांना नम्रपणे एक पत्र लिहा, निर्णय कोणत्या महिन्यापर्यंत कळेल ते विचारा आणि तोपर्यंत उत्तर न आल्यास आपण प्रत अन्यत्र पाठवणार असल्याचे त्यातच कळवा.

एक तांत्रिक गोष्ट राहिली. तुम्ही श्रीलिपी या जुन्या फाँट-प्रणालीत टंकन केले असेल तर युनिकोडमध्ये रूपांतर केल्यावर संपूर्ण मजकूर डोळ्यांखालून घाला. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला र आणि काही जोडाक्षरे रूपांतरात बिघडतात आणि ती चूक शोध घेऊनही सहज सापडत नाही.

स्वखर्च

फर्मा सरांचा हिशेब बरोबर आहे आणि बोलीविषयी त्यांनी लिहिलेले मी स्वतःसाठी उतरवून ठेवले आहे. पण वाट पाहण्याचा सल्ला मला सरसकट मान्य नाही. माझ्या पहिल्या कादंबरीसाठी मी चार प्रकाशकांच्या उत्तराची मिळून तीन वर्षे वाट पाहिली, त्या काळात दुसरे काहीही लिहिले नाही आणि शेवटी दोघांकडून नकारही आला नाही. लेखकाचा वेळ हाही खर्चच आहे आणि तो कुठल्याच हिशेबात धरला जात नाही.

मी स्वतःच प्रकाशक झाले. ते वाटते तितके अवघड नाही. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून ऑनलाइन अर्ज करून मिळतो, तो विनामूल्य असतो आणि लेखकाला स्वतःच्या नावानेही मागता येतो. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर ते त्या व्यक्तीचे शुल्क आहे, सरकारचे नव्हे. पुस्तक निघाल्यावर १९५४च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील ठरलेल्या ग्रंथालयांना प्रकाशकाने स्वखर्चाने प्रत पाठवायची असते. या प्रती पाठवण्याचे पुष्कळ जण टाळतात. मला मात्र माझे पुस्तक कोलकात्याच्या कपाटात आहे या गोष्टीचा आजही आधार वाटतो.

अवघड आहे ती विक्री. मी ३०० प्रती छापल्या आणि दोन वर्षांत २१० विकल्या, त्यांपैकी बहुतेक माझ्या हातून, व्याख्यानांच्या आणि स्नेहसंमेलनांच्या ठिकाणी. एकच पुस्तक असलेल्या प्रकाशकाला वितरक दारात उभे करत नाहीत आणि विक्रेत्याकडे ठेवलेल्या दहा प्रतींचे पैसे मागायला अप्पा बळवंत चौकात चार खेपा घालाव्या लागतात. मागणीनुसार छपाईची सोय पोथी डॉट कॉम किंवा नोशन प्रेस यांच्याकडे आहे. तिथे घरात गठ्ठे पडत नाहीत, पण एका प्रतीचा खर्च जास्त येतो, म्हणून किंमत वाढते, आणि तुमच्या वाचकांना ती परवडेल का याचा विचार करावा लागेल.

माझी खरी चूक वेगळीच होती. मी संपादक घेतला नाही. मधली चाळीस पाने रेंगाळतात हे मला छापील पुस्तक वाचणाऱ्या पहिल्या तीन वाचकांनी सांगितले, आणि तेव्हा ती पाने कापणे माझ्या हाती उरले नव्हते. स्वतः छापणार असाल तर मुखपृष्ठाचा खर्च कमी करा, कागद साधा घ्या, पण संपादकाचे मानधन वगळू नका.

ई-पुस्तकाबद्दल एक बारकावा सांगते. किंडलवर मराठी पुस्तक काढता येते आणि रॉयल्टी ३५ किंवा ७० टक्के असते. भारतातील विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर पुस्तक त्यांच्या सिलेक्ट योजनेत घालावे लागते आणि त्या नव्वद दिवसांच्या मुदतीत तोच मजकूर डिजिटल स्वरूपात दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही. म्हणजे प्रतिलिपी आणि ही योजना एकाच वेळी जमणार नाही. प्रतिलिपीचे वाचक मनापासून वाचतात आणि भरभरून लिहितात, पण तिथे प्रत्येक भागाच्या शेवटी पुढच्या भागाची ओढ लागावी अशी रचना लागते. तुमच्या वर्णनावरून ही कादंबरी तशी वाटत नाही. तिचे तुकडे केले तर आजीचे मौन तुटेल, अशी मला भीती वाटते.

करारवाचक

मी वकिली करतो आणि लेखकमित्रांचे करार वाचून देतो. मसुद्यातील ‘सर्व प्रकारचे हक्क कायमस्वरूपी’ या वाक्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

प्रताधिकार, म्हणजे कॉपीराइट, तुमच्याकडे लिहिल्या क्षणापासून आहे. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. तो लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे टिकतो. कायमस्वरूपी या शब्दाची व्याप्ती त्यामुळे तुमच्या नातवंडांपर्यंत जाते. प्रताधिकार अधिनियम १९५७, कलम १९ प्रमाणे हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते, आणि त्यात कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती रॉयल्टीवर हे नमूद करावे लागते. मुदत लिहिलीच नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. लक्षात घ्या, की कायद्याने लेखकाला दिलेले पाच वर्षांचे हे संरक्षण मुदत न लिहिल्यास मिळते. तुमच्या मसुद्यात ‘कायमस्वरूपी’ हा शब्द घालून ते काढून घेतले आहे. तसेच हक्क घेतल्यापासून वर्षभरात ते वापरले नाहीत तर ते लेखकाकडे परत येतात, पण करारात वेगळे काही लिहिले नसेल तरच. म्हणून मसुद्यात ‘अन्यथा’ कुठे कुठे आले आहे ते बारकाईने पाहा.

‘सर्व प्रकारचे’ या शब्दांत छापील पुस्तक, ई-पुस्तक, ध्वनिपुस्तक, अनुवाद, नाट्यरूपांतर आणि चित्रपट असे सगळे येते. २०१२च्या दुरुस्तीने अशी तरतूद आली, की करार करताना जे माध्यम वापरात नव्हते त्याला, स्पष्ट उल्लेख नसल्यास, तो करार लागू होत नाही. पण ई-पुस्तक आणि ध्वनिपुस्तक आज वापरात आहेत, त्यामुळे तिथे ही तरतूद तुमच्या मदतीला येणार नाही. स्टोरीटेल २०१७मध्ये भारतात आल्यानंतर मराठी पुस्तके ऐकणारा मोठा वर्ग तयार झाला आहे. बोलीतील संवाद असलेली कादंबरी ऐकण्यासाठी फार योग्य असते, म्हणून ध्वनिहक्क स्वतःकडे ठेवाच. माझ्या मते पहिल्या करारात फक्त मराठी छापील आवृत्तीचे हक्क, पाच किंवा सात वर्षांसाठी द्यावेत, आणि पुस्तक सलग सहा महिने बाजारात उपलब्ध नसेल तर ते लेखी सूचनेने परत मिळतील असे कलम घालावे.

बोली बदलण्याविषयी : कलम ५७ प्रमाणे, हक्क दुसऱ्याला दिल्यानंतरही, लेखकाच्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड मजकुरात झाली तर लेखकाला दाद मागता येते. पण न्यायालयात जाण्याची वेळ येऊ नये यासाठी ‘अंतिम प्रुफावर लेखिकेची सही झाल्याशिवाय छपाई होणार नाही’ हे एक वाक्य करारात पुरेसे आहे.

ग्रंथपाल

मी तालुक्याच्या गावी ‘ब’ वर्गाच्या सार्वजनिक ग्रंथालयात काम करते, त्यामुळे आमच्या बाजूचे थोडक्यात सांगते. ताईंना ज्या वाचकांपर्यंत जायचे आहे, त्यांतले पुष्कळ जण पुस्तक विकत घेत नाहीत, आमच्याकडून नेतात. आमची खरेदी अनुदान आल्यावर, ठरावीक महिन्यांत आणि बहुतांशी नेहमीच्या विक्रेत्याकडून होते, म्हणून कोणताही मार्ग धरला तरी त्या विक्रेत्याच्या यादीत पुस्तक असणे महत्त्वाचे आहे. टाइप बारीक नको, कारण आमचे निम्मे वाचक साठीच्या पुढचे आहेत. बांधणी शिवलेली हवी. नुसती चिकटवलेली प्रत आमच्याकडे वर्षभरात सुटी होते.

आणखी एक. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला प्रकाशनासाठी अनुदान देण्याची योजना आहे. हस्तलिखित मागवले जाते आणि त्याचे परीक्षण होते. ही मदत अप्रकाशित पहिल्या पुस्तकासाठी असल्यामुळे आधी स्वतः छापून मग अर्ज करता येणार नाही, तेव्हा निर्णय घेण्यापूर्वी मंडळाचे निवेदन आणि त्यातील अटी जरूर वाचा. राज्य वाङ्मय पुरस्कारांतही प्रथम प्रकाशनासाठी कादंबरीचा स्वतंत्र विभाग आहे, तो मात्र पुस्तक निघाल्यानंतरचा विषय.

फर्मा

‘स्वखर्च’ ताईंनी लेखकाच्या वेळेचा जो मुद्दा मांडला तो मला मान्य आहे. माझ्या बाजूने बसल्यावर तो दिसत नाही. त्यावर एक जुना उपाय सुचवतो. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी लेखक दिवाळी अंकांतून वाचकांसमोर येत आहेत, आणि प्रकाशक आजही हे अंक नवीन नावे शोधण्यासाठी वाचतात. कादंबरीतील स्वतंत्रपणे उभे राहील असे एक प्रकरण काढून पाठवा. ते छापून आले तर आठ महिने गप्प असलेल्या संस्थेला पत्र लिहायला एक चांगले निमित्तही मिळेल.

भीमाकाठ

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत की मी हा सगळा मजकूर दोनदा वाचला आणि दुसऱ्यांदा वहीत टिपणे काढली. तीनशे प्रतींच्या प्रस्तावाला मी काल नकार कळवला. बोलीला हात लावू द्यायचा नाही हे माझे आधीपासून ठरले होते, पण ७२,००० आणि ६०,००० हे दोन आकडे शेजारी लिहिल्यावर मनातली उरलीसुरली चलबिचल संपली.

नामांकित संस्थेला या महिन्याअखेरपर्यंतची मुदत सांगणारे पत्र मी आज टाकले आहे. मंडळाचे निवेदन शोधते आहे. तिथेही जमले नाही तर पुढच्या वर्षी स्वतः छापेन, आणि तसे झाले तर संपादनासाठी लागणारी रक्कम आतापासूनच बाजूला ठेवते आहे. पात्रांच्या शब्दांची यादी करायला बसले तेव्हा लक्षात आले की आजीच्या तोंडी मी स्वतःच तीन ठिकाणी ‘पाणी’ आणि बाकी सगळीकडे ‘पानी’ लिहिले आहे. ती तीन ठिकाणे प्रमाण भाषेत का गेली हे मला अजून आठवत नाही, पण तिन्ही वेळा ती धरणाच्या अधिकाऱ्यांशी बोलते आहे, आणि म्हणून ती बदलायची नाहीत असे मी ठरवले आहे.

फर्मा सर, एकच विचारायचे राहिले : दिवाळी अंकासाठी प्रकरण कोणत्या महिन्यापर्यंत पोहोचायला हवे?

फर्मा

जूनअखेरपर्यंत पाठवा, जुलैनंतर बऱ्याच संपादकांची पाने ठरलेली असतात. चार हजार शब्दांच्या आत ठेवा आणि सोबत एक परिच्छेद जोडून हे एका अप्रकाशित कादंबरीतील प्रकरण असल्याचे स्पष्ट लिहा. ‘पाणी’ आणि ‘पानी’ची ती तीन ठिकाणे मात्र शब्दांच्या यादीत कारणासह नोंदवून ठेवा, नाहीतर माझ्यासारखा कुणीतरी ती दुरुस्त करून टाकेल.